ऐकू येतं, कळत नाही

फोन नीट लागत नसला की आपण सगळे एकच वाक्य म्हणतो: 'रेंज नाहीये.' पण त्याच वेळी फोनच्या कोपऱ्यात बघितलं, तर बरेचदा रेंजच्या दांड्या पूर्ण भरलेल्या असतात. आवाज येत असतो, चांगला मोठा येत असतो, फक्त त्याचे तुकडे झालेले असतात. समोरचा दिव्याला उतरलाय की दिघ्याला, भाजी आणायची की औषध, काही कळत नाही. म्हणजे तक्रारी दोन आहेत. एक आवाज न पोचण्याची आणि दुसरी आवाज पोचूनही न कळण्याची. दोन्हींची औषधं वेगळी आहेत, आणि पहिलीचं औषध दुसरीला दिलं तर दुखणं वाढतं.

ही दुसरी तक्रार मला तीन ठिकाणी भेटली. लहानपणी टीव्हीच्या पडद्यावर, कारण बाबांचं डोंबिवली पूर्वेला टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं आणि ते अँटेना बसवायचे. नंतर नोकरीत, कारण मी काही वर्षं ठाणे ते कल्याण लोकलमध्ये बसून मोबाइलचा सिग्नल मोजायचं काम केलं. आणि आता घरात. बाबांना ऐकायला त्रास होतो. ऑडिओलॉजिस्टने पहिल्या भेटीत "काका, नेमकं काय होतं?" असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "ऐकू येतं हो. कळत नाही."

मी शेजारच्या खुर्चीत बसले होते. पेशंटच्या तोंडून एवढं अचूक निदान क्वचितच होत असेल. आणि या दुखण्यावर माझ्या क्षेत्रात गेली साठेक वर्षं एक इलाज चालू आहे. त्याचं नाव इक्वलायझर.

मुंग्या आणि सावली

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. वरळीच्या मनोऱ्यावरून निघालेला सिग्नल डोंबिवलीपर्यंत यायचा तो मुंबईच्या इमारती, मग खाडी आणि मग पारसिकचा डोंगर ओलांडून. १९८२च्या एशियाडनंतर घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले आणि बाबांचा धंदा बरा चालायला लागला. गिऱ्हाइकं दोनच रोग घेऊन यायची. 'मुंग्या येतात' आणि 'सावली येते'.

मुंग्या म्हणजे सिग्नल अशक्त. उपाय सोपा: अँटेना उंच करा, नाहीतर बूस्टर लावा.

सावली हा वेगळाच प्रकार होता. बातम्या देणारी बाई पडद्यावर स्वच्छ दिसायची आणि तिच्या उजव्या खांद्याला चिकटून तिचीच आणखी एक फिकट आकृती असायची. सिग्नल घरी दोन वाटांनी यायचा. एक सरळ, आणि एक कुठल्या तरी इमारतीवर किंवा टाकीवर आपटून, थोडा उशिरा. टीव्ही डावीकडून उजवीकडे चित्र रेखतो, म्हणून उशिरा आलेली प्रत उजवीकडे सरकलेली दिसायची. लोक सावलीवरही बूस्टर लावायचे. मग एकीच्या जागी दोन बायका ठळकपणे बातम्या द्यायच्या.

बाबा अशा वेळी खिशातली पट्टी काढून पडद्याला लावायचे आणि सावली किती सेंटिमीटर सरकली आहे ते मोजायचे. 'जेवढी सावली लांब, तेवढा अडथळा लांब' हा त्यांचा अनुभव. हिशेब मी पुढे इंजिनिअरिंगला असताना मांडला. टीव्हीची एक ओळ साधारण ५२ मायक्रोसेकंदांत रेखली जाते. २० इंची टीव्हीचा पडदा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद. म्हणजे एका मायक्रोसेकंदाला जवळजवळ ८ मिलिमीटर. तेवढ्या वेळात रेडिओलहर ३०० मीटर जाते. सावली ३ सेंटिमीटर सरकली असेल तर दुसरी वाट पहिलीपेक्षा अकराशे-बाराशे मीटर लांब आहे. अडथळा घराच्या थेट मागे असेल तर तो त्याच्या निम्म्या अंतरावर, सहाशेक मीटरवर. बाबा त्या दिशेला हात करून म्हणायचे, "ती बघ, एमआयडीसीकडची टाकी." टीव्हीचा पडदा म्हणजे आजूबाजूच्या भिंतींचा नकाशाच होता, वाचता येणाऱ्याला.

मग बाबा गच्चीवर, मी खिडकीत, आणि ज्यांचा टीव्ही ते पडद्यासमोर. "आलं! ... गेलं, गेलं! ... थोडं मागे!" अशी आरोळ्यांची साखळी. बाबा अँटेना एका वेळी दोन बोटं फिरवायचे, त्याहून जास्त नाही. झटक्यात फिरवली की चांगली जागा ओलांडून पुढे जाते आणि मग कुठे होती ते सापडत नाही. हे काम ते शक्यतो कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी करायचे, पडद्यावर नुसत्या रंगीत पट्ट्या असताना. गिऱ्हाइकाला ते विचित्र वाटायचं. "साहेब, बातम्या लागल्यावर बघा की." बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं. "बातम्या देणारीच्या मागे सावली आहे की पडदाच तसा आहे, हे मला कसं कळणार? पट्ट्या कशा दिसायला हव्यात ते मला माहीत आहे."

शेवटी अँटेनाचं तोंड कधीकधी वरळीकडून जरा भलतीकडेच व्हायचं. तशा जागी मुंग्या थोड्या वाढायच्या, पण सावली जायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं, चित्र फिकट झालं म्हणून. बाबा विचारायचे, "स्वच्छ आहे ना?"

नव्वदच्या दशकात केबल आली आणि गच्च्यांवरचे ॲल्युमिनियमचे सांगाडे भंगारात गेले. पण बाबांच्या त्या कामात इक्वलायझरचं सगळं शास्त्र होतं: आधीपासून ठाऊक असलेलं चित्र, चूक बघून केलेली लहान दुरुस्ती, आणि जोरापेक्षा स्वच्छपणा पसंत करणं.

हिरवी रेंज, लाल आवाज

माझ्या कामाला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. एरवी ती गाडीतून करतात, पण ठाणे-कल्याण पट्ट्यात निम्मं गाव रोज लोकलमध्ये असतं, त्यामुळे आमची बरीच मोजणी रुळांवर व्हायची. लॅपटॉप, वायरींनी त्याला जोडलेले तीन-चार फोन, आणि खिडकीच्या जाळीला टेकवलेला जीपीएसचा काळा तुकडा. अकरानंतरची गाडी पकडायची आणि लेडीज डब्यात खिडकीशी बसायचं. फोन आपोआप कॉल लावायचे, दोन मिनिटांनी तोडायचे, परत लावायचे. तेवढ्या वायरी बघून कुणीतरी विचारायचंच, "हे काय चाललंय?" सिग्नल मोजतेय म्हटलं की अख्खा डबा आपापल्या तक्रारी सांगायचा. आमच्या स्वयंपाकघरात रेंज येत नाही, तेवढं बघा.

लॅपटॉपवर दोन नकाशे उमटत जायचे. एक सिग्नलच्या जोराचा, दुसरा दर्जाचा. टू-जीमध्ये दर्जाचा आकडा ० ते ७ असतो. शून्य म्हणजे उत्तम. सात म्हणजे दर शंभर बिटांतले बाराहून अधिक चुकलेले, कॉल मरणपंथाला. कळव्याच्या पुढे, मुंब्र्याला वळसा घालून जाणाऱ्या धिम्या मार्गावर, एका हाताला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या हाताला खाडी असते. पाण्यावर काही अडवायला नसतं, त्यामुळे पलीकडच्या टॉवरचा सिग्नल जोरदार येतो. तो थेट येतो, डोंगरावर आपटून येतो, इमारतींवर आपटून येतो. जोराचा नकाशा तिथे हिरवागार असायचा आणि दर्जाच्या नकाशावर मध्येच लाल ठिपक्यांची रांग उगवायची. ते सगळेच ठिपके प्रतिध्वनींचे नव्हते. बरेचसे दुसऱ्या कुठल्या टॉवरने तीच फ्रिक्वेन्सी वापरल्यामुळे यायचे, आणि त्यावरचा उपाय वेगळा. पण राहिलेले होते ते सावलीचेच.

टीव्हीत सावली नुसती दिसते. फोनमध्ये ती काय करते? टू-जीत आपला आवाज शून्य आणि एक अशा बिटांच्या रूपात जातो. एक बिट ३.७ मायक्रोसेकंद चालतो, आणि तेवढ्यात लहर ११०० मीटर जाते. आता एखादी प्रत ११०० मीटर जादा फिरून आली, तर आत्ताच्या बिटावर मागचा बिट येऊन बसतो. डोंबिवली स्टेशनवर मागच्या लोकलचे लोक अजून पुलावर चढत असतात आणि पुढची लोकल येते, तशी गत. कोण कुठल्या गाडीचा ते ओळखू येत नाही. पुस्तकात याला इंटरसिंबॉल इंटरफिअरन्स म्हणतात. यात शत्रू बाहेरचा कुणी नाही. तुमचाच आवाज तुमच्या आवाजाच्या आड येतोय. म्हणून टॉवरचा जोर वाढवून फायदा नाही. गोंगाटही तेवढाच वाढतो.

इक्वलायझरचं काम ही गर्दी सोडवण्याचं. गाण्याच्या ॲपमध्ये बास-ट्रेबलच्या सरकपट्ट्या असतात, तो याचाच भाऊ. प्रतिध्वनीमुळे काही फ्रिक्वेन्सी दुप्पट होतात आणि काही जवळजवळ नाहीशा होतात, जणू वाटेत कुणीतरी सगळ्या सरकपट्ट्या वेड्यावाकड्या केल्या आहेत. इक्वलायझर त्या बरोबर उलट्या सरकवतो. दुसऱ्या तऱ्हेने सांगायचं तर त्याच्याकडे एक यादी असते: 'मला जे ऐकू आलं, त्यात आत्ताचा बिट पूर्ण आहे, मागच्याचा सहा दशांश भाग आहे, त्याच्या मागच्याचा दोन दशांश.' यादी बरोबर असेल तर मागच्यांचा हिस्सा वजा करता येतो.

प्रश्न एवढाच की ही यादी कुठून आणायची? मुंब्र्याचा डोंगर कुणी फोनला आधी दाखवलेला नसतो.

इथे बाबांच्या रंगीत पट्ट्या येतात. पाठवणारा मधेमधे असं काहीतरी पाठवतो, जे घेणाऱ्याला आधीच तोंडपाठ असतं. घेणारा बघतो: यायला काय हवं होतं आणि आलं काय. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेने केलेली करामत. १९६० साली स्टॅनफर्डमध्ये बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी ही यादी आपोआप सुधारत नेण्याची एक अगदी साधी रीत मांडली. फरक बघायचा, तो कमी होईल त्या दिशेने यादीतले आकडे अगदी थोडे हलवायचे, आणि पुन्हा फरक बघायचा. दोन बोटं, त्याहून जास्त नाही. फार हलवलं की तोल जातो, हे त्यांच्या गणितातही सिद्ध होतं. हाच हॉफ पुढे इंटेलच्या ४००४ या पहिल्या मायक्रोप्रोसेसरच्या कामात होता. १९६५ साली बेल लॅब्समध्ये रॉबर्ट लकीने टेलिफोनच्या तारांवरून डेटा पाठवताना स्वतःच जुळवून घेणारा इक्वलायझर दाखवला. त्याआधी तो माणसाने हाताने जुळवावा लागायचा.

तुमच्यापैकी काहींना डायल-अप मोडेमची ती किंकाळी आठवत असेल, नसेल तर यूट्यूबवर ऐका. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला भारतात सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि पुढची काही वर्षं इंटरनेट म्हणजे तो आवाज. त्या किंकाळीच्या शेवटी जो लांबलचक फसफसाट येतो, त्यात दोन मोडेम एकमेकांना ठरलेले संकेत पाठवून मधली तार कशी आहे ते शिकत असतात. त्या फसफसाटात बातमी काहीच नसते. पण तो झाल्याशिवाय पुढची एकही बातमी कळली नसती.

तार तरी एका जागी असते. लोकल ताशी ८० किलोमीटरने पळत असते, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. ९०० मेगाहर्ट्झची लहर ३३ सेंटिमीटरची. गाडी साडेसोळा सेंटिमीटर पुढे गेली की कुठला प्रतिध्वनी कुणाला वाढवतो आणि कुणाला मारतो, ते सगळं बदललेलं असतं. यादी जुनी होते. म्हणून टू-जीत फोन आणि टॉवर एका दमात १४८ बिटच बोलतात, आणि त्यातले बरोब्बर मधले २६ बिट ठरलेले, तोंडपाठ. मधले अशासाठी, की तिथून दोन्ही टोकं सारखीच जवळ. एवढं बोलायला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात गाडी जेमतेम सव्वा सेंटिमीटर सरकते. यादी तोवर टिकते. पुढच्या वेळी पुन्हा २६ बिट, पुन्हा नवी यादी. सेकंदाला २१७ वेळा.

आणि बहुतेक फोन नुसतं वजा करून थांबत नाहीत. अँड्र्यू विटर्बीने १९६७ साली मांडलेली एक पद्धत वापरून ते उलटा विचार करतात: 'समोरचा काय बोलला असता, तर ह्या वाटेवरून येताना ते मला असं ऐकू आलं असतं?' सगळ्या शक्यता तपासून सर्वांत जुळणारी निवडतात. ही रीत मी कॉलेजात शिकले तेव्हा फार यांत्रिक वाटली होती. आता माणसंही तसंच ऐकतात असं वाटतं.

जे आलंच नाही

इक्वलायझरला काय जमत नाही, तेही लोकलमधूनच शिकायला मिळालं. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. १९१६ साली खुला झालेला, १.३ किलोमीटर लांबीचा. गाडी आत शिरली की लॅपटॉपवरचे दोन्ही नकाशे काळे. जोर नाही, दर्जाही नाही. डब्यातल्या बायका आपणहून 'बोगद्यानंतर करते' म्हणून फोन ठेवायच्या. जे आलंच नाही, ते सुधारता येत नाही.

बोगदा निदान प्रामाणिक होता. फसवी जागा ती, जिथे काही फ्रिक्वेन्सी प्रतिध्वनींनी जवळजवळ मारून टाकलेल्या असतात. भोळा इक्वलायझर म्हणतो, इथला आवाज शंभर पटींनी कमी झालाय, मग शंभरने गुणू. पण तिथे मूळ आवाजाचा एवढासा अंश आणि त्याच्यासोबत विजेची नेहमीची खरखर असते. शंभरने गुणल्यावर खरखरही शंभर पट होते आणि उरलेलं चांगलंही बुडवते. म्हणून शहाणा इक्वलायझर तिथे हात आखडता घेतो. थोडी सावली राहू देतो, खरखर वाढू देत नाही. पूर्ण सरळ करायचा हट्ट सोडला की एकूण जास्त कळतं.

पुढे फोर-जीने हा प्रश्न दुसऱ्या बाजूने हाताळला. ५ सप्टेंबर २०१६ला जिओ सुरू झालं आणि काही महिन्यांत डब्यातल्या प्रत्येकीच्या हातात व्हिडिओ दिसू लागला. एवढा डेटा टू-जीसारखा एकापाठोपाठ एक पाठवायचा, तर बिट इतके आखूड होतील की एका बिटावर मागचे शेकडो येऊन बसतील. मग काय करायचं? देवळाच्या मोठ्या सभामंडपात कीर्तनकार काय करतो? घाई करत नाही. एक शब्द लांबवतो, तो घुमून विरेपर्यंत थांबतो, मग पुढचा. फोर-जीत एक घाईचा आवाज मोडून १२०० संथ आवाज करतात, २० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात. प्रत्येक जण आपला सूर सुमारे ६७ मायक्रोसेकंद धरतो आणि त्याआधी ४.७ मायक्रोसेकंदांची मोकळीक ठेवतो. १४०० मीटरपर्यंत जादा फिरून आलेले प्रतिध्वनी त्या मोकळ्या जागेत विरतात. त्यानंतर इक्वलायझरला प्रत्येक आवाजासाठी एकच दुरुस्ती करावी लागते: हा किती लहान-मोठा झाला आणि किती मागे-पुढे सरकला. तेवढं कळायला या १२०० आवाजांतही जागोजागी तोंडपाठ संकेत पेरलेले असतात. फाइव्ह-जीही याच वाटेने जातं. वेळ दोन ठिकाणी खर्च होतो, थांबण्यात आणि आधीच ठाऊक असलेलं बोलण्यात. एवढ्या प्रगतीनंतरही ते दोन खर्च कुणाला टाळता आलेले नाहीत.

अहो, ऐकलंत का

बाबांच्या श्रवणचाचणीचा आलेख डावीकडे ठीक आहे आणि उजवीकडे दरडीसारखा कोसळलेला आहे. खालच्या फ्रिक्वेन्सी शाबूत, वरच्या गेलेल्या. स्वरांचा जोर बहुतेक खाली असतो, म्हणून आ, ई, ओ त्यांना येतात. स, श, फ, त, क यांची ओळख वरच्या भागात असते, ती पुसली जाते. ताप, साप, काप ही तिन्ही नुसती 'आप' होतात. एकदा आईने आतून "रमाताईंना ताप आलाय" असं सांगितलं आणि बाबा काठी घेऊन उभे राहिले.

पाहुणे आले की ओरडतात. ही बूस्टरची रीत. ओरडताना आपण मुख्यत्वे स्वर वाढवतो, आणि ते तर बाबांना येतच असतात. शिवाय अशा कानांना हळू आवाज येत नाही आणि मोठा आवाज पटकन सोसेनासा होतो, मधली जागाच अरुंद झालेली असते. त्यामुळे बाबा कपाळाला आठी घालतात, पाहुण्यांना वाटतं अजून ऐकू आलं नाही, ते अजून ओरडतात. दोन-तीन फेऱ्यांनंतर पाहुणा हात झटकून म्हणतो, "जाऊ दे, काही नाही." मला वाटतं, ऐकू कमी येण्यापेक्षा माणसाला हे वाक्य जास्त एकटं पाडतं. गेल्या वर्षी बाबा फोन घेईनासे झाले होते. लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरायला लागले होते. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची चित्रं स्वच्छ केली, त्यांनी आपल्याकडे येणारी चित्रं बंद करायला घेतली होती.

कानातलं मशीन आलं. ते इक्वलायझरच आहे. ऑडिओलॉजिस्ट आलेख बघून प्रत्येक पट्टीतला आवाज वेगवेगळा वाढवतो, खालचा जवळजवळ तसाच, वरचा बराच. मशीनची शिट्टी थांबवण्यासाठी आत जो भाग असतो, तो विड्रो-हॉफच्या त्याच कुळातला, फरक बघून थोडं थोडं हलणारा. पण इथेही बोगदा आहेच. कानातल्या ज्या पेशी गेल्या, त्यांच्या वाट्याचं कितीही वाढवलं तरी पलीकडे पोचत नाही. आणि फरशी, काच, रिकाम्या भिंती अशा घरात शब्द घुमतात. मशीन ते घुमणंही इमानाने वाढवतं. पहिल्या आठवड्यात बाबांची तक्रार होती की पंख्याचा आवाज विमानासारखा येतो.

घरात याचा इलाज आईने आधीच सुरू केलेला होता, कुणी न सांगता. ती स्वयंपाकघरातून बोलायची थांबली. समोर येते, टेबलावर दोन बोटं वाजवते आणि म्हणते, "अहो, ऐकलंत का?" बाबा वर बघतात. मग ती एकच शब्द म्हणते: "लाइटबिल." थांबते. मग वाक्य.

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून कित्येक पिढ्यांच्या बायकांनी 'अहो, ऐकलंत का'वर संसार केले. त्यात बातमी शून्य आहे. पन्नास वर्षं तेच शब्द, त्याच चालीत. नेमकी म्हणूनच ती बाबांची रंगीत पट्टी आहे. तेवढ्यात त्यांना आवाज कुठून येतोय, खोली आज किती घुमतेय, पंखा चालू आहे का, हे जुळवून घेता येतं. आणि 'लाइटबिल' म्हटलं की विटर्बीचं काम सुरू होतं. पुढे आलेलं 'आत' हे हात असेल, रात असेल की सात? लाइटबिल सात तारखेला भरायचंय. सात. ऑडिओलॉजिस्टनेही आम्हाला हेच लिहून दिलं: आधी लक्ष वेधा, विषय सांगा, सावकाश बोला, एका वेळी एकानेच बोला. न कळल्यास तेच वाक्य मोठ्याने न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा.

आम्ही खोलीत जाड पडदे लावले, टेबलाखाली सतरंजी घातली. फोनवर मी आता आधी "बाबा, मी बोलतेय, घरून, सगळं ठीक" एवढं रोज त्याच शब्दांत म्हणते आणि मग विषय. मामा मात्र अजून ओरडतात. त्यांच्यापुढे बाबा मशीन काढून खिशात ठेवतात आणि मान डोलावत बसतात. आलेखही दर चाचणीत थोडा आणखी डावीकडून कोसळायला लागतोय. पुढच्या वर्षी 'लाइटबिल' तरी कळेल का, हे कुणी सांगू शकत नाही. आई हल्ली टेबलाऐवजी त्यांच्या मनगटावर बोटं वाजवते.

मध्यंतरी एका रविवारी मी त्यांना कागदावर १४८ चौकोन काढून दाखवले आणि मधले २६ काळे केले. एवढे फुकट जातात, म्हटलं, प्रत्येक वेळी, नुसते ओळख पटवायला. बाबांनी चष्मा वर करून चौकोन मोजले, दुरुस्तीवाल्या माणसाच्या सवयीने माझं मोजणं तपासलं.

"म्हणजे सहातला एक गेला," ते म्हणाले. "परवडतं की."

मग पंखा बंद करायला सांगितला, खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, उरलेल्या चौकोनांत काय काय भरतात.